बाई, तुमचे बिबे फोडायला बसले आहे

नागपूर, शनिवार, १० फेब्रुवारी १९७९

बाई, दुपारची भांडी आवरून मागच्या अंगणात तुमच्या दगडाशी बसले आहे. माळ्यावरचं पोतं बुधवारीच खाली काढलं. परातीत चाळलेली राख, राखेत लोळवलेले बिबे, हातात तुमचा चिमटा आणि हातमागाचं ते जुनं लोखंडी वजन. बिबा उभा धरायचा, कडेवर एकच घाव घालायचा, तेल राखेत जिरू द्यायचं, मग सुईनं आतली गोडंबी उचलायची. इतकी वर्षं उंबऱ्याआडून पाहत आले, म्हणून जमतं आहे. पहिल्या दिवशी निम्म्या गोडंब्यांचा चुरा झाला. आज बऱ्याचशा अख्ख्या निघत आहेत.

तुम्ही असता तर अंगावर धावून आला असता. "ऊठ वं तिथून! तुले उतते ना बिबा! मरायचं हाय का?"

तेच विचारायला हा कागद घेतला. मला बिबा उतत नाही, बाई.

बुधवारी सकाळी मी उघड्या हातांनी बसले. तेल मनगटावर उडालं, एकदा कोपराजवळही. तुम्ही म्हणायचात, एक रात्र गेली की समजतं, कुणाच्या अंगाला बिबा चालतो आणि कुणाच्या अंगावर सूज चढून फोड येतात. बुधवारची रात्र गेली. गुरुवारची गेली, कालची गेली. हातावर काळे डाग आहेत. सूज नाही, फोड नाही, साधी खाजसुद्धा नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की तुमच्या धाकट्या जावेला बिबा उततो. मलाही तसंच ठाऊक होतं. हे ज्ञान मला तुमच्याकडून मिळालं.

आता मी काय समजू?

बसायचं कारण सुनंदा. तुम्ही गेलात तेव्हा तुमची पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी उमरेडहून तिच्या सासूचा निरोप आला की सुनेला रविवारी घेऊन जाते. निरोप घेऊन आलेल्या माणसानं जसंच्या तसं सांगितलं, "बाप आधीच गेला, आता मायही नाही. चुलतीच्या घराले का माहेर म्हणतात?" मी त्याला चहा दिला आणि बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सून त्यांची.

पण नाव इथल्या दवाखान्यात घातलं आहे. तपासणारी डॉक्टरीण इथली. उमरेडला ऐनवेळी काही झालं तर मोटार शोधण्यापासून सुरुवात. हे सगळं मी सुनंदाला समजावून सांगितलं. ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "काकू, ते सगळं खरं. पण इथं माझं करन कोण? लाडू कोण करन? तुमच्यानं बिबे फुटत नाहीत. तुम्हाले उतते."

मला तिचा राग आला. दवाखाना, डॉक्टरीण, मोटार हे सगळं एका बाजूला आणि गोडंबीचे लाडू दुसऱ्या बाजूला! पण मग वाटलं, ती लाडवांचं बोलतच नसेल. इथं आपल्यासाठी हात भाजून घेणारं कुणी उरलं आहे का, एवढंच पोरगी विचारत असेल. नक्की काय ते मला कळलं नाही. मला अशा गोष्टी पटकन कळत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मी उठले, माळ्यावर शिडी लावली आणि पोतं काढलं.

या गोडंबीवरून आपलं दर वर्षी भांडण ठरलेलं. मी म्हणायची, "इतवारीच्या बाजारात सोललेली मिळते, कायले हात जाळता?" तुमचं उत्तरही ठरलेलं. "दुकानची? फोडणाऱ्यानं तेलाच्याच हातानं उचलली असन ते. बाळंतिणीचा घसा का रस्त्यावर पडला हाय?" मी म्हणायची, अख्खं नागपूर दुकानची खातं, कुणाचा घसा गेला? तुम्ही म्हणायचात, "अख्खं नागपूर माही लेक नाही." मग मी वांग्याच्या भाजीत मुद्दाम गोडंबीऐवजी शेंगदाणे घालायची, आणि तुम्ही पहिल्या घासाला माझ्याकडे अशा पाहायच्या की जणू मी रस्सा नाही, धुण्याचं पाणी वाढलं आहे. ते भांडण तसंच राहिलं. सोललेल्या गोडंबीच्या दुकानात मी कालही डोकावले, खोटं कशाला सांगू. दुकानदारानं मूठभर हातावर ठेवली. वास घेतला आणि परत दिली.

माझ्या दोन्ही बाळंतपणांना लाडू तुम्हीच केलेत. थंडीत भासऱ्यांचा, सुनंदाच्या वडिलांचा, जुना लांब बाह्यांचा सदरा पोलक्यावर चढवून अंगणात बसायच्या. ते गेल्यावरही तोच सदरा. मी हसायची. "बाई, पुरुष वाटून राहिल्या तुम्ही." तुम्ही म्हणायच्या, "वाटू दे. घरात एखादा पाहिजेच." तेल उडू नये म्हणून सदरा, असं मी धरून चालले होते. उन्हं तापली तरी तो उतरत नसे, अगदी जेवतानासुद्धा. त्याचं मला कधी नवल वाटलं नाही. आता त्याचंच नवल वाटतं आहे, की मला नवल का वाटलं नाही.

कारण काल सुनंदानं माझे हात पाहिले. पोटुशी आहे म्हणून तिला मी बिब्यांपासून लांब, ओसरीच्या दाराशी बसवलं होतं. ती म्हणाली, "काकू, हात दाखवा. पालथे करा. आता कोपरापर्यंत." मी लांबूनच दाखवले. ती म्हणाली, "आईले दरवर्षी उतत होते."

"कोणाले?"

"आईले. कोपरापर्यंत सुजून जायचे हात. दार लावून तीळ-खोबरं वाटून मी लावून देत होते. म्हणे, काकूले सांगू नको."

"काहून?"

"मी इचारलं होतं. म्हणे, गप."

बाई, हे माझ्या डोक्यात बसत नाही. माझ्या अंगाला बिबा चालतो. तुमच्या अंगाला चालत नव्हता. आणि तुम्ही सगळ्या घराला बरोबर उलटं सांगितलंत. खोटं बोलणाऱ्या असता तर गोष्ट वेगळी. दूधवाल्याला तोंडावर "आज विहिरीनं किती दूध दिलं?" विचारणाऱ्या तुम्ही. माझ्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा माझ्याच देखत "पोरगी चांगली हाय, पोरगाच जरा येडा" म्हणणाऱ्या. तुमच्या तोंडून खोटं निघालं तर ते कशासाठी?

मी उभी-आडवी सगळी कारणं लावून पाहिली. सासूबाईंचा नियम होता, बिब्याला हात लावणारीनं सुताला हात लावायचा नाही. पांढऱ्या सुतावर बिब्याचा डाग पडला की तो धोब्याच्या खुणेसारखा, लुगडं फाटलं तरी जात नाही. म्हणजे बिबे फोडायच्या दिवसांत तुम्हाला मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यापासून सुटी. सुटीसाठी केलंत? कांड्यांचा तुम्हाला कंटाळा होताच. पण कंटाळ्यापायी कुणी हात सुजवून घेत नाही. मग माझे हात सुताला हवे होते म्हणून? तुटलेला धागा मी लवकर सांधते, हे तुम्ही सासूबाईंना सांगायच्या. की गोडंबी हा तुमचा मान होता आणि त्यात तुम्हाला वाटेकरीण नको होती? काल रात्रीच्या भाकरी थापताना मला हेच खरं वाटलं आणि तव्यावरची भाकरी करपली. सकाळी उठले तर तेही पटेना.

जंगलातलंही आठवलं. दर पौषात आपण उमरेडच्या पलीकडे तुमच्या भावाच्या गावी जायचो आणि गोणपाट घेऊन बिब्याच्या झाडांखाली फिरायचो. मला तुम्ही हद्द आखून दिलेली. "हात मागं बांध आन् उभी राहा, पोलिसावानी." पडलेले बिबे तुम्ही वेचायच्या, बोंडावरचं केशरी फूल पिळून वेगळं करायच्या आणि फूल तेवढं माझ्या ओंजळीत टाकायच्या. "हे खा. यात ईख नाही, बाधत नाही." निखाऱ्यावर भाजलेली ती गोड फुलं मी पोटभर खायची. पण बाई, त्या फुलांना बिब्याचं तेल लागलेलं असतंच. माझे ओठ काळे व्हायचे, तुम्ही बघून हसायच्या. ओठ कधी सुजले नाहीत. हे माझ्या ध्यानात आलं नाही ते ठीक. तुमच्याही आलं नाही?

मग आज सकाळी पाणी भरताना मुळापर्यंत गेले. मला बिबा पहिल्यांदा 'उतला' तो दिवस.

लग्नानंतरची पहिली संक्रांत. वडील मला न्यायला आले होते. पायात नवीन वहाणा, हातात तिळाचा डबा. सासूबाईंनी त्यांना ओसरीवरच पाणी दिलं आणि सांगितलं की लग्नसराईची लुगडी मागावर आहेत, हात मोकळे नाहीत, पुढच्या वर्षी पाहू. वडील डबा ठेवून परत गेले. मी रडणारी बाई नाही. तुमच्या तेराव्यालाही मी पंगत वाढत होते आणि बायका माझ्याकडे बघत होत्या, ते मला दिसत होतं. पण त्या रात्री मी रडले. किती ते आठवत नाही. सकाळी डोळे उघडत नव्हते.

सासूबाईंनी चुलीजवळ मला पाहिलं. "काय वं, तोंड कायले सुजलं? रडली? आमी का उपाशी ठेवून राहिलो तुले?"

मी काही बोलायच्या आत तुम्ही मागून बोललात. "रडन कायले? बिबा उतला तिले. काल हात लावला होता तिनं."

हात लावला होता, हे खरं. ढिगातला एक बिबा घरंगळला, तो मी उचलून परत टाकला होता. मग सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा तुमच्यावर फिरला. नवी पोरगी, तिला सांगता येत नाही का, अक्कल कुठं गेली, सगळं काही. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. मग तीळ-खोबरं वाटून माझ्या तोंडावर जाड लेप दिलात आणि म्हणालात, सूज उतरेपर्यंत वारं लागू द्यायचं नाही, उठायचं नाही. मी आतल्या खोलीत पडून राहिले. या घरात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर झोपले.

आणि बाई, माझा त्यावर विश्वास बसला. माझाच! मी रात्रभर रडले हे मला माहीत असून. मला वाटलं, रडून काही इतकं तोंड सुजत नाही, बिबाच असणार. पुढं कुणी विचारलं तर मीच सांगायची, मला फार उततो, एकदा तर डोळे मिटले होते.

म्हणजे एका सकाळसाठी बोललेलं ते वाक्य. आणि मग ते तुम्हालाच निस्तरावं लागलं, दर वर्षी, कोपरापर्यंत. सासूबाई होत्या तोवर समजू शकते. पण त्यांना जाऊनही कितीतरी वर्षं झाली. त्यानंतर का नाही सांगितलंत? एका दुपारी अंगणातून हाक मारायची, "विमल, ये वं, बस. तुले काही होत नाही." एवढंच. मी हसले असते, दोन शिव्या दिल्या असत्या आणि दुसरं वजन घेऊन समोर बसले असते. की तुम्हालाही सांगून सांगून ते खरं वाटायला लागलं होतं? की खरंच, त्या दिवशी तुम्हाला वाटलं होतं बिबाच उतला? मीच आज तुमच्यावर चांगुलपणा लादते आहे का? मला ठरवता येत नाही. हे कळून नेमकं काय करायचं, तेही ठरवता येत नाही.

अखेरच्या दिवसांत दवाखान्यात तुम्ही माझं मनगट धरून म्हणाला होतात, "विमल, माळ्यावरचे बिबे सुनंदासाठी हायेत. तू..." मी तोडून म्हटलं, "मले उतते, माहीत हाय. इतवारीतून आणतो, तुम्ही पडून राहा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात. चांगलं हसलात, खोकला येईपर्यंत. "जाऊ दे वं," म्हणालात आणि पाणी मागितलंत. मला वाटलं, दुकानच्या गोडंबीला हसल्या.

ऊन भिंतीवर गेलं. सुनंदा आत तिची पिशवी भरते आहे. तिनं 'मी राहते' म्हटलं नाही आणि मी 'राहा' म्हटलं नाही. पोतं अजून निम्मं आहे. उद्या तिची सासू येईल. गोडंबी पुडीत बांधून देईन, आणखी काय करणार?

रविवार

विहीणबाई पहिल्या मोटारीनं आल्या. मी अंगण झाडत होते. सुनंदा तोंड धुऊन बाहेर आली आणि मी केरसुणी खाली ठेवली. पोरीचे डोळे दिसत नव्हते. गाल फुगलेले, नाक लाल. सगळी रात्र रडली असणार, आणि मी पलीकडच्या खोलीत घोरत होते.

विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. "काय वं सुनंदा, तोंड कायले सुजलं? रडली? आमच्याकडे यायचं म्हणून रडून राहिली?"

सुनंदानं तोंड उघडलं. तिला खोटं येत नाही, तुमच्यावर गेली आहे, म्हणजे मला कालपर्यंत तसं वाटत होतं.

"रडन कायले?" मी म्हटलं. "बिबा उतला तिले."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले.

विहीणबाईंनी मला ओसरीवर उभं करून जे सुनावलं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. "पोटुशीले बिब्याजवळ बसवली? अक्कल का माळ्यावर ठेवली? चुलतीच ते, तिले काय कळकळ!" शेवटचं वाक्य लागलं. तरी मी खाली मान घालून ऐकलं. तुम्ही घातली होती तशीच असेल, मला माझी मान दिसत नाही. मग म्हटलं, "चुकलं माझं. पण आता उतरेपर्यंत हिला वारं लागू देता येत नाही. मोटारीत धूळ, ऊन. चिघळलं तर पोटातल्याले तरास. घेऊन जायचं तर तुमच्या जबाबदारीवर न्या."

विहीणबाई ओसरीवर टेकल्या. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. मग तिनं सावकाश हात उचलला आणि गाल खाजवायला सुरुवात केली. एक गाल, मग दुसरा. खाली मान घालून, अगदी मन लावून. मला खोकल्याचं सोंग करून आत जावं लागलं.

तीळ-खोबरं पाट्यावर वाटलं. विहीणबाईंच्या देखत सुनंदाच्या तोंडावर जाड लेप दिला. ती हळूच म्हणाली, "काकू, थंड लागते." माझा हात थांबला. माझ्या तोंडावर तुम्ही लेप दिलात तेव्हा तो थंड लागला होता की झोंबला होता, मला आठवेना. खूप आठवून पाहिलं. एवढं एक आठवलं असतं तर सगळं मिटलं असतं.

विहीणबाई चहा घेऊन, सूज उतरली की कळवा म्हणून गेल्या. तोवर दिवस इतके भरत येतील की कुणी हलवा म्हणणार नाही.

मी अंगणात येऊन राख चाळली. सुनंदा मागून आली, तोंडाला लेप, हातात भासऱ्यांचा सदरा. तिच्या पिशवीत तळाशी ठेवलेला.

"घाला."

"मले उतत नाही वं."

"माहीत हाय. घाला."

घातला. बाह्या बोटांच्या पुढं गेल्या. दुमडल्या आणि फोडायला बसले.